आईंचा बिनगव्हाचा पाव

स्वयंपाकात माझं चुकत नाही, असं मी वीस वर्षं सांगत आले. सांगत कसली, ठणकावत आले. आमटी कोणाला तिखट लागली तर त्याची जीभ नाजूक, पुरण सैल झालं तर वाण्यानं डाळ जुनी दिली. माझा नवरा मला ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणतो, कारण माझ्यावर अपील नाही. खोटं कशाला बोलू, मला ते नाव आवडायचं. गेल्या दोन वर्षांत ते सगळं उतरलं, आणि उतरवलं एका पावानं. तो पाव मी कोणासाठी केला, कसा केला आणि त्यापायी एका म्हाताऱ्या बाईशी कशी वागले, ते एकदा लिहून काढायचं आहे.

ती म्हातारी बाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आई म्हणते. त्यांचं माहेर इगतपुरीचं. वडील रेल्वेत होते, घर क्वार्टरमधलं, आणि घरात सहा भावंडं. दोन्ही वेळा भात, सणाला पोळी. पण वडील ड्यूटी संपवून सकाळी घरी यायचे तेव्हा स्टेशनजवळच्या बेकरीतून कागदात बांधलेला गरम पाव आणायचे. मुलांनी चहाचे कप भरून तयार ठेवायचे आणि दाराकडे बघत बसायचं. आई सांगायच्या, ‘आमच्यात लय गरिबी नव्हती, पण पाव म्हणजे थाट.’ लग्न होऊन नाशकात आल्या, मुलं झाली, नातवंडं झाली, सासरे गेले, पंचवटीतलं भाड्याचं घर सुटून आमचा फ्लॅट झाला, पण सकाळचा चहा-पाव सुटला नाही. पाव त्या दाताने तोडत नसत. हाताने तुकडा काढायचा, चहात अर्धा बुडवायचा, आणि चहा वर चढला की तोंडात टाकायचा. त्या वेळेला त्यांच्याशी कोणी बोललेलं त्यांना खपत नसे.

दोन वर्षांपूर्वी त्यांची तब्येत ढासळायला लागली. पोट फुगायचं, जुलाब थांबायचे नाहीत, वजन नुसतं उतरत चाललं होतं. कोणी ॲसिडिटी म्हणालं, कोणी वयाचं म्हणालं. काढे झाले, पथ्यं झाली, गोळ्यांची पिशवी भरली. ब्लाऊज दंडाला लोंबायला लागला तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, ‘आता मोठ्या डॉक्टरांकडे नेताय, की मी नेऊ?’ मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतडं बघितलं आणि आजाराचं नाव सांगितलं, सिलिॲक. गव्हात जो चीक असतो तो यांच्या आतड्याला सोसत नाही, आतड्याचं अस्तर झिजत जातं. औषध काही नाही. गहू बंद, रवा बंद, मैदा बंद, बार्ली बंद. आतडं भरून येईपर्यंत दूधही बंद.

‘किती बंद? म्हणजे सणासुदीला थोडं...’ नवऱ्यानं विचारलं.

‘चिमूटभरसुद्धा नाही. या वयात अंगात रक्त राहिलेलं नाही, हाडं पोकळ होत चाललीत. हे आता थांबलं नाही तर पुढे माझ्या हातात फार काही नाही.’ डॉक्टरांनी हे माझ्याकडे बघून सांगितलं. घरात स्वयंपाक कोण करतं ते त्यांना न सांगता कळलं असावं.

आईंनी एकच विचारलं. ‘म्हणजे पाव पण नाय?’

‘पाव तर मुळीच नाही, आजी.’

रिक्षात बसल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं, एवढंच.

मी मात्र त्याच दिवशी पदर खोचला. ओट्याची वाटणी केली. गॅसच्या डावीकडची बाजू आईंची, उजवीकडची आमची. त्यांचा तवा वेगळा, परात वेगळी, चाळण वेगळी, पुसायचं फडकंसुद्धा वेगळं. लाल झाकणाचे डबे त्यांचे, आणि त्या डब्यांना पोळीच्या हातानं कोणी शिवलं तर त्याची खैर नाही. आमच्या पोळ्या मी आधी उरकून घ्यायची, ओटा दोनदा पुसायची, साबणाने हात धुवायची आणि मगच आईंच्या भाकरीला बसायची. नवरा एकदा पोळीचा तुकडा हातात घेऊन त्यांच्या बाजूला टेकला, तर मी असा आवाज काढला की खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारायला वर आल्या. माया अशी आरडाओरडा करूनच दाखवता येते मला. दुसरी रीत मला कोणी शिकवली नाही, असं मी म्हणायची.

तीन महिने आई ज्वारीची भाकरी, भात, वरण, भगर यांवर राहिल्या आणि सुधारल्या. गालांवर थोडी कांती आली. वजनाचा काटा पहिल्यांदा उलट फिरला. मंदिरापर्यंत चालत जाऊन मैत्रिणींशी तासभर गप्पा मारून यायला लागल्या. सगळं ठीक होतं, सकाळचा चहा सोडला तर. कोरा चहा समोर ठेवून त्या भाकरीचा तुकडा त्यात बुडवायच्या आणि बाजूला ठेवून द्यायच्या. ‘भाकरी चहात भिजत नाय गं, बुडून मरते,’ म्हणायच्या. हसून म्हणायच्या, पण तुकडा तसाच राहायचा. ते बघून मला राहवेना. म्हटलं, पावच करते. बिनगव्हाचा, बिनदुधाचा. आमच्यात अंडं येत नाही, तेव्हा बिनअंड्याचा. बघू कसा होत नाही ते.

पहिले दोन प्रयोग यीस्ट घालून केले आणि दोन्ही वेळा कपाळाला हात लावायची पाळी आली. गव्हाच्या कणकेत चिवटपणा असतो, तो फुगलेली हवा धरून ठेवतो. तांदूळ-ज्वारीच्या पिठाला असलं काही धरता येत नाही. पीठ फुगलं, खाली बसलं आणि ओव्हनमधून वीट बाहेर आली. आईंनी ती वीटसुद्धा माझ्या समाधानासाठी चावून खाल्ली आणि दोन दिवस पोट धरून बसल्या. म्हणजे यीस्टही बाद. नवरा म्हणाला, ‘गहू नाही, दूध नाही, अंडं नाही, यीस्ट नाही. मग राहिलं काय? ओव्हन?’ मी त्याला स्वयंपाकघरातून हाकलून लावलं.

मग कुठे तरी वाचलं, व्हिडिओ बघितले, आणि इसबगोल सापडला. पोट साफ व्हायला घेतात तोच. आई म्हणाल्या, ‘अगं, पाव करतेयस का जुलाबाचं औषध?’ पण त्या इसबगोलानंच काम केलं. कोमट पाण्यात भिजवला की पाच मिनिटांत त्याचा खळीसारखा गोळा होतो, आणि गव्हाचा चिवटपणा जे करतो ते तो करतो. तांदळाचं पीठ, थोडं ज्वारीचं, मिक्सरवर बारीक केलेला साबुदाणा. मऊपणा टिकावा म्हणून एक उकडलेला बटाटा किसून. तेल, मीठ, चमचाभर साखर. खायचा सोडा आणि लिंबाचा रस अगदी शेवटी, कारण लिंबू सोड्यावर पडलं की फसफस सुरू होते आणि ती जिरायच्या आत पाव ओव्हनमध्ये गेला पाहिजे. त्या दहा मिनिटांत दाराची बेल वाजली तरी मी उघडत नसे. ओल्या हाताने गोळे करायचे, ताटात एकमेकांना चिकटून बसवायचे, म्हणजे बाजूला न पसरता वर चढतात. बाहेर काढले की लगेच ओल्या फडक्याखाली झाकायचे, नाहीतर वरची साल कडक होते. हे सगळं जमायला मला दीड महिना लागला. किती घाणे कचऱ्यात गेले ते विचारू नका.

जमला त्या दिवशी मी आईंना हाक मारली, कोरा चहा ठेवला आणि समोर बसले. त्यांनी हाताने तुकडा काढला. तुकडा निघाला, भुगा झाला नाही. चहात बुडवला. चहा वर चढला. त्यांनी तो खाल्ला आणि डोळे मिटून बसून राहिल्या. माझा जीव नुसता टांगणीला.

‘जवळ आलीस गं,’ त्या म्हणाल्या.

दुसरी कोणी असती तर आनंदाने नाचली असती. मला तो ‘जवळ’ लागला. जवळ म्हणजे काय? कमी काय आहे? खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘काय नाय गं. जरा काळपट दिसतो, एवढंच. पाव कसा पांढरा असतो आतून.’

झालं. माझ्या डोक्यात तो पांढरा रंग बसला.

आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आहे. या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून दळण तिथेच. तिथे ओळीने डबे लागलेले असतात आणि कोणाचं कशावर दळायचं यावर बायकांची रोज हुज्जत चालते. बाजरीच्या मागोमाग गहू दळला तर पोळ्या काळ्या होतात, म्हणून गहूवाली बाई बाजरीवालीच्या मागे डबा लावत नाही. मध्ये कोणाची तरी ज्वारी जाऊ दे म्हणते. माझे तांदूळ कधी बाजरीवर, कधी नागलीवर दळले जात असणार, म्हणून पाव काळपट. मग मी गिरणीवाल्या दादांना बजावून ठेवलं, ‘भाकरीची ज्वारी पहिल्यासारखी बाजरीवर चालेल, पण पावाचा तांदूळ आणि ज्वारी बाजरी-नागलीवर दळायची नाही. गव्हाच्या पाठोपाठ दळा. पांढरं पीठ आलं पाहिजे.’ ते ‘बरं ताई’ म्हणाले. कधी ओळीत पुढे बाजरी असली तर मी डबा घेऊन उभी राहायची, गहूवालीला पुढे जाऊ द्यायची, आणि मग तिच्या मागे लावायची. अर्धा अर्धा तास उभी राहिले आहे मी तशी.

आणि पाव पांढरा व्हायला लागला. दिसायला बेकरीचाच. थोडा जास्त फुगायचासुद्धा. मी एक दिवसाआड करायला लागले. आई खायच्या तेव्हा मी समोर बसायची आणि त्यांचं तोंड वाचायची. शेवटचा तुकडा संपेपर्यंत उठायची नाही.

महिना गेला असेल, आईंचं पोट पुन्हा बिघडलं. आधी वाटलं, बाधलं असेल काही. पण जुलाब थांबेनात. वजन पुन्हा उतरलं. रक्त तपासलं तर रिपोर्ट पहिल्यासारखा. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, ‘कुठून तरी गहू जातोय पोटात. नक्की जातोय. घरात तर तुम्ही एवढं सांभाळता. बाहेर काही खातात का?’

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी आईंकडे बघितलं.

‘नाय हो,’ आई म्हणाल्या. ‘मी कशाला खाऊ?’

पण माझ्या मनात पाल चुकचुकली. वाटलं, मीच पाव करून यांची जीभ चाळवली. आता घरचा पाव पुरेना, खरा हवा झाला. त्यानंतर चारच दिवसांनी संध्याकाळी भाजी घेऊन येताना मला आई दिसल्या. कोपऱ्यावरच्या बेकरीसमोर उभ्या. पावाची ताटं नुकतीच भट्टीतून बाहेर आली होती, गिऱ्हाइकांची झुंबड होती, आणि आई फुटपाथवर कडेला, हातातली पिशवी छातीशी धरून.

‘आई!’

दचकल्या त्या. मी हात धरून त्यांना बाजूला घेतलं. ‘इथे काय करताय?’

‘काय नाय गं. वास घ्यायला थांबते. देवळातून येताना दोन मिनिटं.’

‘वास घ्यायला? मला काय दूधखुळी समजता?’ रस्त्यात, लोक बघत असताना, मी त्यांची पिशवी घेतली आणि आत हात घातला. आत चष्म्याचं घर होतं, देवळातला फुटाण्याचा प्रसाद होता आणि घराची किल्ली. पाव नव्हता. म्हटलं, खाऊन झाला असेल.

पुढचे आठ दिवस मी घरात काय काय बोलले ते आठवलं की अंगावर काटा येतो. ‘मी इथे मर मर मरते आणि तुम्ही चोरून खाता.’ ‘तुम्हाला मरायचंय तर सरळ सांगा, मी तरी सुटेन.’ सासूला असं बोलणारी बाई मी दुसऱ्या कोणाच्या घरात बघितली असती तर तिला नावं ठेवली असती. नवरा मध्ये पडला, ‘अगं, आई खोटं बोलत नाही,’ तर मी त्याच्यावर उलटले. ‘मग गहू काय हवेतून येतो? माझ्या स्वयंपाकातून येतो, असं म्हणायचंय तुला?’ तो उठून गॅलरीत गेला. सुप्रीम कोर्टापुढे आणखी काय करणार तो. आई रोज तेच सांगायच्या, ‘नाय गं खाल्ला, देवाशप्पथ.’ आणि जेवताना माझं चालूच. त्यांच्या हातातला घास हातातच राहायचा.

नवव्या दिवशी सकाळी, मी पुन्हा तेच सुरू केल्यावर, त्यांनी कप खाली ठेवला.

‘खाल्ला,’ म्हणाल्या. ‘दोनदा खाल्ला. चुकलं माझं. आता बास.’

मला काय वाटलं ते सांगते, कारण ते लपवलं तर या लिहिण्याला काही अर्थ नाही. मला आनंद झाला. मी जिंकले. नवऱ्याकडे बघून मान हलवली, बघ म्हणून. मग आईंना जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, ‘आता पुन्हा नको हं’ म्हटलं, जशी काही मी फार मोठ्या मनाची. आणि त्यांचं संध्याकाळचं फिरणं बंद करून टाकलं. देवळात जायचं तर रविवारी माझ्या नवऱ्याबरोबर. मैत्रिणींना हवं तर त्यांनी घरी यावं. मैत्रिणी दोनदा आल्या. मी त्यांच्या हातातल्या पिशव्यांकडे बघते हे त्यांच्या लक्षात आलं, आणि पुन्हा आल्या नाहीत.

आई घरात बसल्या. मी पाव करत राहिले, पांढराशुभ्र, मऊ. आणि आईंची तब्येत काही केल्या सुधारेना. पाच-सहा आठवड्यांनी एका दुपारी न्हाणीघरातून बाहेर येताना त्यांना चक्कर आली आणि दाराच्या चौकटीवर आपटल्या. उचलताना माझ्या लक्षात आलं, मी त्यांना एकटीने उचललं होतं. एवढं वजन उरलं होतं.

हॉस्पिटलात सलाईन लावलं, रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी तिथली डाएटिशियन आली. माझ्या भाचीएवढी असेल, गळ्यात ओळखपत्र, हातात वही. मला म्हणाली, ‘काकू, सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय देता ते सगळं सांगा. काहीच सोडू नका.’ मी सांगायला लागले. वेगळा तवा, वेगळी चाळण, वेगळं फडकं. ती लिहीत होती आणि मधे मधे ‘छान’ म्हणत होती. माझा ताठा परत यायला लागला. मग पावाचं सांगितलं, अगदी फुशारकीने, इसबगोल आणि बटाट्यासकट.

‘वा, काकू. पीठ कुठलं वापरता?’

‘घरचंच. तांदूळ-ज्वारी स्वतः निवडून दळून आणते.’

‘कुठून?’

‘आमच्या गिरणीतून.’

तिचं पेन थांबलं. ‘त्या गिरणीत गहू पण दळतात?’

‘दळतात की,’ मी म्हटलं, आणि म्हणताना मला गहूवालीच्या मागे लावलेला माझा डबा दिसला. ती समजावून सांगत होती, जात्याच्या पाळ्यांत आधीचं पीठ राहतं, मूठ दोन मुठी येतंच पुढच्या दळणात, बरेच पेशंट इथेच चुकतात, तुमचा दोष नाही. मला तिचं पुढचं ऐकू येत नव्हतं. आधीचं पीठ राहतं, हे तिनं मला सांगायची काय गरज होती? त्याच्यावरच तर आमची रोजची हुज्जत. बाजरीचं पीठ गव्हात येतं हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. गव्हाचं तांदळात येतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. कारण ते दिसत नाही. पांढऱ्यात पांढरं.

तरीही मी काय केलं बघा. आईंजवळ नवऱ्याला बसवलं आणि रिक्षा करून तडक गिरणीवर गेले, भांडायला. चार बायका डबे घेऊन उभ्या होत्या. मी दादांवर तुटून पडले. ‘तुमच्या गिरणीपायी माझी सासू दवाखान्यात आहे. पाळ्या झाडत नाही, साफ करत नाही, लोकांच्या जिवाशी खेळता!’

दादांनी गिरणी बंद केली. एकदम शांत झालं. खांद्यावरच्या टॉवेलने पापण्यांवरचं पीठ पुसलं आणि म्हणाले, ‘ताई, तुम्हीच सांगायच्या ना, गव्हाच्या पाठोपाठ दळा म्हणून? मी एकदा ज्वारीवर लावत होतो, तर तुम्ही डबा ओढून घेतला होता.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. ‘मला सांगितलं असतंत, आजींना गहू चालत नाही, तर मी आधी दोन किलो तांदूळ फुकट दळून काढले असते. नाहीतर दळूच नका म्हणालो असतो.’

खरंच, मी त्यांना सांगितलं नव्हतं. घरातला आजार चारचौघांत कशाला सांगायचा, म्हणून. त्या चार बायका माझ्याकडे बघत होत्या. मी काहीतरी बोलून तिथून निघाले. काय बोलले ते आठवत नाही.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. घरात छोटी चक्की आली आहे, तिला गहू माहीत नाही. आईंचं वजन सावकाश भरत आलं, शेवटच्या तपासणीला डॉक्टर पहिल्यांदा हसले. त्या पुन्हा देवळात जातात, मैत्रिणींशी बसतात. मी त्या मैत्रिणींच्या घरी जाऊन, प्रत्येकीच्या दारात उभी राहून सांगितलं, की आईंनी काही खाल्लं नव्हतं, माझं चुकलं. तेवढं मला जमलं. पण आईंशी जे बोलणं झालं ते सांगायचं राहिलं आहे, आणि खरं तर त्याच्यासाठीच एवढं लिहिलं.

गिरणीवरून मी परत हॉस्पिटलात गेले. नवरा औषधं आणायला खाली गेला होता. आई जाग्या होत्या. मी स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. गिरणीचं, गव्हाचं, पांढऱ्या पावाच्या हट्टाचं. सांगताना रडले. त्या छताकडे बघत ऐकत होत्या.

‘आई, तुम्ही बाहेर पाव खाल्लाच नव्हता ना?’

‘नाय.’

‘मग खाल्ला म्हणून का सांगितलंत?’

त्यांचा सलाईन लावलेला हात पोटावर होता, दुसऱ्या हाताने चादरीची कड चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तुझा पाव खाल्ला की दुसऱ्या दिवशी पोटात मुरडा यायचा. भाकरी खाल्ली की तसा नाय यायचा. मला पंधरा दिवसांतच कळलं होतं.’

‘कळलं होतं?’ मी उभीच राहिले. ‘कळलं होतं आणि खात राहिलात? जीव द्यायला निघाला होतात का? एका शब्दानं सांगायचं नाही मला?’ शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली, इतकी मी ओरडत होते. रडून अजून डोळेही पुसले नव्हते, आणि मी ओरडत होते.

आई माझा आवाज संपायची वाट बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, ‘सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?’

त्यात टोमणा नव्हता. दूधवाला येऊन गेला का, असं विचारावं तसं विचारलं त्यांनी. मी बसले. काय बोलले असते ते मला शब्दन् शब्द माहीत होतं. पाव मी करते, माझ्या हाताने, त्याने कसं होईल? तुम्हाला बेकरीचा हवाय, म्हणून माझ्या पावाला नावं ठेवता. हेच बोलले असते, आणि आठ दिवस बोलले असते.

‘नसतं ऐकलं,’ मी म्हटलं.

‘हां,’ त्या म्हणाल्या. ‘खाल्ला म्हटल्यावर तू गप्प तरी बसलीस. त्या दिवशी मला दोन घास जेवण गेलं.’